यंदाची यादी

डिसेंबर लागला की अध्यक्ष प्रियोळकर सर
वाचनालयाच्या फळ्यासाठी यादी मागतात:
वर्षभरात आवडलेली दहा पुस्तकं,
सुवाच्य अक्षरात, लेखकाच्या नावासह.
दरवर्षी मी देते. खरं सांगू?
त्यातली चारेक न वाचताच देते.

यंदा खडू घेऊन उभी आहे
आणि आठवतोय फक्त जुलैतला तो सोमवार.
वरच्या मजल्यावर पंचायत, पंचायतीची टाकी,
टाकीचा कॉक शनिवारी कुणीतरी उघडा ठेवून गेलं.
कुणी, ते कुंभारजुव्यात सगळ्यांना ठाऊक आहे.
ठरावात नाही.
कुलूप काढलं तर कादंबऱ्यांचं कपाट
न्हाऊन उभं, केस न पुसलेल्या पोरीसारखं.

ऊन नव्हतं. पंधरा दिवस नव्हतंच.
पंख्याखाली पानं नुसती थरथरायची,
तिसऱ्या दिवशी बुरशीनं
मुखपृष्ठावरल्या बाईच्या गालावर पहिला ठिपका ठेवला.
मग कायतान पोदेर म्हणाला, हाड गो हांगा.
शेवटचे पाव निघाले की भट्टी
ताप उतरलेल्या माणसासारखी असते,
भाजत नाही कुणाला, नुसती ऊब देते.

नेली. पावांच्याच टोपल्यांतून,
पाव झाकायच्या निळ्या प्लास्टिकखाली.
लोक सवयीनं दारात यायचे, पिशवी घेऊन,
आत बघून परत जायचे.

ओलं पुस्तक वाळवायचं तर एकेक पान सोडवावं लागतं,
बोटानं, फुंकरीनं,
कधी सुरीच्या बोथट पाठीनं.
आणि पान सोडवताना डोळे कुठे ठेवणार?
बावीस वर्षं या कपाटाची धूळ झटकली,
शिक्के मारले, दंड वसूल केला,
आत पहिल्यांदाच गेले.

एक होतं बोटीवरच्या स्वैपाक्याचं,
जो घरी पत्रं लिहितो
आणि पत्रांत फक्त बंदराबंदरातले मिठाचे भाव.
एक, गावच्या विहिरी मोजत हिंडणाऱ्या बाईचं.
एका कवितासंग्रहाची शाई पलीकडच्या पानावर उतरलेली,
दोन कविता एकीवर एक वाचाव्या लागल्या,
वेगळ्या छापल्या असत्या तर
एवढ्या कळल्या नसत्या बहुतेक.

कायतानला देवनागरी येत नाही.
रोमीत तो प्रार्थना वाचतो, नि उधारीची वही.
पीठ मळता मळता विचारायचा, कितें बरयलां?
मी सांगायची, त्याच्या कोंकणीत, माझ्या परीनं.
मागीर? म्हणायचा.
घाम पुसून पुन्हा: मागीर?

स्वैपाक्याच्या पुस्तकाची शेवटची आठ पानं
चिकटून नुसती वडी झाली होती.
मागीर नाही, म्हटलं. लगदा.
तो गप्प. कोपरापर्यंत पीठ.
मग म्हणाला, तो घरा पावता.
बायल दार उगडटा
आनी विचारता, मीठ कितल्याक?
हसला नाही. मीही नाही.
त्याचा भाऊ बोटीवर गेला होता,
ते एर्मेलिंदनं मला नंतर सांगितलं,
गेला होता एवढंच.

त्या वडीच्या जागी मी एक कोरा कागद चिकटवलाय,
पेन्सिलीनं ती तीन वाक्यं,
खाली वाचनालयाचा शिक्का, तारीख.
नियमात बसत नाही.

फळ्यावर एक ते दहा आकडे घातले होते.
पहिल्यापुढे स्वैपाक्याचं नाव लिहिलं,
लेखकाच्या जागी छापलेलं नाव,
मग जरा थांबून, त्याखाली: कायतान.
उरलेले नऊ आकडे ओल्या फडक्यानं पुसले.
सर येतील, चष्मा काढतील, घालतील.

कपाट उघडलं की अजून उंड्यांचा वास येतो.
मुंग्यांनाही येतो.
म्हणून चारी पायांखाली वाट्या ठेवल्यात,
वाट्यांत पाणी.
रोज मीच घालते, मोजून.